गोदाकाठाला रिपीटर हवा का?



स्मृतिव्याख्यानात सहसा मोठे विषय घेतात. शेती, शिक्षण, संतसाहित्य. समर्थांचं जांब आपल्या जालना जिल्ह्यात, नाथांचं पैठण नदीच्या वरच्या अंगाला. इथं आष्टीत बोलायला विषयांची वाण नाही. तरीही आज मी एका पेटीबद्दल बोलणार आहे. लहानशी लोखंडी पेटी, वर उंच अँटेना, शेजारी बॅटरी. तिचं नाव रिपीटर. वॉकीटॉकीचा क्षीण आवाज ही पेटी उंचावरून ऐकते आणि त्याच क्षणी मोठ्या ताकदीनं पुन्हा हवेत सोडते. तिचं काम एवढंच.

माझा प्रश्न असा आहे. साध्या माणसांनी एकमेकांशी रेडिओवर बोलावं म्हणून गावागावांनी मिळून वापरायचे असे रिपीटर आपल्याकडे आणखी हवेत का? की खिशातल्या मोबाइलनं तो प्रश्न निकाली काढला?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला पारखून घेता येईल. पुण्या-मुंबईला आणखी रिपीटर असले काय, नसले काय, फारसं बिघडत नाही. गोदाकाठाला मात्र एक तरी हवाच. आणि तो उभा करण्याआधी त्याच्यावर बोलणारी माणसं हवीत. माणसं आधी, मनोरा मागून. हा क्रम चुकला की पैसा वाया जातो.

आता मुद्द्याला हात घालतो.

२०२५ चा सप्टेंबर आठवा. मराठवाडाभर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. महिन्याच्या शेवटी जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावं लागलं. जायकवाडीच्या नाथसागराचे सत्तावीस दरवाजे उघडले की ते पाणी पैठणहून खाली निघतं आणि अंबड, घनसावंगी, परतूर असं आपल्या उशाशी येतं. पलीकडे बीड जिल्हा, अलीकडे आपण, मध्ये गोदावरी. लोणी सावंगीचा बंधारा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. पाणी चढायला लागलं की काठावरच्या माणसाला एकच गोष्ट कळायला हवी असते: आता किती, आणि माझ्यापर्यंत कधी?

हा निरोप कसा येतो? धरणावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तहसीलला, तहसीलवरून तलाठ्याला, ग्रामसेवकाला, पोलीस पाटलाला, कोतवालाला. ही साखळी चांगली आहे. तिच्यातली माणसं रात्र-रात्र जागतात, हे मी आदरानं सांगतो. पण या साखळीची प्रत्येक कडी आज मोबाइलवर लटकलेली आहे. मोबाइल टॉवरवर, टॉवर विजेवर, वीज गेली की बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेलवर. आणि ज्या रात्री ओढ्याला पूर येतो त्या रात्री डिझेलची गाडी टॉवरपर्यंत पोचत नाही. ज्या रात्री फोन सगळ्यात जास्त हवा, नेमकी तीच रात्र फोनला सगळ्यात जड जाते. असं का होतं? कारण हजार माणसं एकाच वेळी फोन उचलतात, आणि टॉवर एका वेळी ठरावीक माणसांनाच वाट देऊ शकतो.

महाराष्ट्रानं हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. देशाच्या आर्थिक राजधानीत माणसं घरी एक फोन लावू शकत नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, वीज गेली, फोन गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला, आणि बचावाचं मोठं पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. माळीणची गोष्ट तर अंगावर काटा आणते. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं ते गाव पहाटे-सकाळी डोंगराखाली गेलं, आणि जगाला ते कुणी सांगितलं? एसटीच्या चालकानं. गाडी घेऊन तो रोजच्या थांब्याकडे आला, तर समोर गावच नव्हतं. गाव गेल्याचा निरोप द्यायलाही गावात कुणी उरलं नव्हतं. रिपीटर असता तर माळीण वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. पण शेजारच्या वाडीवर एक बोलता संच असता तर निरोपाला एसटीची वाट पाहावी लागली नसती, एवढं नक्की.

आणि किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. आज या सभागृहात पन्नाशीच्या पुढे असलेल्या प्रत्येकाला तो हादरा आठवत असेल. मोबाइलच तेव्हा नव्हते, होत्या त्या टेलिफोनच्या तारा तुटल्या. त्या दिवसांत हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, आपापले संच घेऊन तिथं गेले. कुणी मेलं की जगलं, कुठं औषध हवंय, कुठं तंबू हवाय, असे निरोप त्यांनी हवेतून बाहेर काढले. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हेच झालं.

२००४ ची त्सुनामी तर या विद्येच्या इतिहासातलं सोन्याचं पान आहे. दिल्लीच्या भारती प्रसाद नावाच्या एक बाई आपल्या साथीदारांसह त्या डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून हौशी रेडिओ चालवायला कैक वर्षांनी परवानगी मिळाली होती, आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला रांग लावून बसले होते. छंदाचा उत्सव चालला होता. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली, समुद्र आत आला, आणि तोच छंदाचा संच बेटांचा आवाज झाला. माझा माणूस सुखरूप आहे का, एवढंच विचारणाऱ्या असंख्य घरांना त्यांच्यामुळे उत्तर मिळालं. दाराशी उभ्या असलेल्या मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा.

आता तुमच्यातला एखादा चौकस माणूस मला अडवेल, आणि त्यानं अडवावंच. तो म्हणेल, गुरुजी, किल्लारी सांगितली, अंदमान सांगितलं, पण यात तुमचा रिपीटर कुठं आहे?

प्रश्न बिनतोड आहे. अंदमानहून बोलणं झालं ते लघुलहरींवर. त्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून शेकडो, हजारो किलोमीटरवर उतरतात. त्यांना मध्ये रिपीटर लागत नाही. दिवसा सात मेगाहर्ट्झवर एक लांब तार नीट ताणून बांधली तर आष्टीहून जालना काय, पुणंही बोलतं. मग रिपीटरचा हट्ट कशाला?

हट्ट यासाठी की ती तार वीस मीटर लांब असते, तो संच महाग असतो, आणि तो चालवायला कसब लागतं. बांधावर उभ्या असलेल्या बाईच्या कमरेला तो अडकवता येत नाही. नदीकाठच्या माणसाला परतूरशी, परतूरच्या माणसाला काठाशी, पाच-पंचवीस किलोमीटरच्या आत बोलायचं असतं. त्यासाठी हातातला छोटा संच. वीतभर अँटेना, पाच वॉट ताकद, बॅटरी दिवसभर पुरते. हा संच फार उपयोगी, पण त्याची एक मोठी अडचण आहे. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, आणि आपण बुटके आहोत.

थोडं गणित करू. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या दोन संचांना एकमेकांचं क्षितिज कागदावर दहा किलोमीटरपर्यंत दिसतं. कागदावर. प्रत्यक्षात मध्ये ऊस असतो, बाभळी असतात, घरं असतात. दोन-तीन किलोमीटरवर आवाज खरखरायला लागतो. आता एक अँटेना वीस मीटर उंच नेऊन बसवा, गावच्या जलकुंभावर धरा. तेच क्षितिज तेवीस किलोमीटरवर जातं. तीस मीटरवर न्या, सत्तावीसच्या पुढे. आणि गंमत अशी की ही उंची दोघांनाही मिळते. एक माणूस पश्चिमेला वीस किलोमीटरवर, दुसरा पूर्वेला वीस किलोमीटरवर, दोघंही टाकीवरच्या पेटीला दिसतात, म्हणून दोघंही एकमेकांशी बोलतात. आपल्याकडे सह्याद्री नाही, बालाघाट दूर आहे. मुंबई-पुण्याच्या रेडिओवाल्यांना घाटमाथा फुकट मिळाला. गोदावरीच्या सपाट काळ्या रानात उंची आपल्याला बांधावी लागते. म्हणूनच मी म्हणतो, डोंगरवाल्यांपेक्षा रिपीटरची गरज आपल्याला जास्त.

पेटीच्या आत काय चालतं, हेही सांगतो, कारण पोरांना यातच रस असतो. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, दोन्ही एकाच वेळी. हौशी रेडिओसाठी भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ असा पट्टा आहे. त्यात या दोहोंमध्ये साधारण सहाशे किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. आता विचार करा, एकाच अँटेनावर पंचवीस वॉटची गर्जना चाललीय, आणि त्याच वेळी दूरच्या एका संचाची कुजबुज ऐकायची आहे. कशी ऐकायची? त्यासाठी डुप्लेक्सर नावाची धातूची उंच नळकांडी असतात. नेमकी आपली फ्रिक्वेन्सी आत सोडायची आणि बाकीची गाळून टाकायची, एवढ्या नजाकतीनं ती जुळवावी लागतात. माझ्या मते रिपीटरमधली सगळ्यात सुंदर वस्तू ती. शिवाय एक ठरावीक सूर लावल्याशिवाय रिपीटर दार उघडत नाही, म्हणजे भलत्या खरखरीनं तो जागा होत नाही. आणि कुणी बटण दाबून बसलाच, तर ठरलेल्या वेळानंतर तो आपोआप गप्प होतो.

आता सामायिकपणाकडे येतो. खरी अडचण यंत्रात नाही, इथं आहे.

सातबाऱ्यावर सामायिक विहीर असते, ती तुम्हाला माहीत आहे. चार भावांची, कधी आठ चुलत्यांची. पाणी सगळ्यांचं असतं. पण पाळी कुणाची, मोटार जळाली तर पैसे कुणी द्यायचे, गाळ कुणी काढायचा, यावरून किती घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली! रिपीटरचं तंतोतंत असंच आहे. एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीच्यांनी ऐकायचं. पाळी पाळावीच लागते. आणि दुरुस्ती कुणाची, हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर पहिल्या वळवाच्या विजेनंतर पेटी मुकी होते आणि मुकीच राहते.

विजेचं मी उगाच बोलत नाही. मराठवाड्यात मे-जूनला आणि परतीच्या पावसात वीज किती पडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गावातल्या सगळ्यात उंच टाकीवर धातूची काठी उभी करायची, म्हणजे अर्थिंग चोख हवं. कोळसा-मिठाचा खड्डा, जाड पट्टी, केबल आत शिरते तिथं वीजरोधक. केबलच्या जोडात पावसाचं पाणी शिरतं. उंदीर वायर कुरतडतात. बॅटरीचं पाणी बघायला कुणी चढत नाही. रिपीटर बंद पडतात ते अशा क्षुल्लक कारणांनी.

मग जगात लोकांनी हे कसं जमवलं? ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला फार आवडतं, कारण ते शेतकऱ्यांचं आहे. तिथं ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐंशी चॅनेल साध्या माणसासाठी मोकळे ठेवलेत. परीक्षा नाही, वापरायला शुल्क नाही. ट्रॅक्टरवरचा माणूस, ट्रकवाला, गुरं राखणारा, सगळे त्यावर बोलतात. काही चॅनेल रिपीटरसाठी ठरलेत, आणि ते रिपीटर येणाऱ्या-जाणाऱ्यानं वापरायचे असतात. पाच आणि पस्तीस हे दोन चॅनेल संकटासाठी कायद्यानं राखून ठेवलेत. तिथं गप्पा मारायच्या नाहीत. केवढं शहाणपण आहे या एका नियमात!

अमेरिकेत दुसरी तऱ्हा. तिथं कुटुंबासाठी परवाना मिळतो. पस्तीस डॉलर, दहा वर्षं, परीक्षा नाही, आणि एका परवान्यावर घरातली सगळी माणसं बोलतात. रिपीटर लावायचीही मुभा आहे. पण रिपीटरसाठी फ्रिक्वेन्सीच्या जोड्या आहेत फक्त आठ. त्यामुळे मोठ्या शहरांत एकाच जोडीवर दोन-दोन रिपीटर एकमेकांच्या पायात पाय घालतात. आणखी रिपीटर हवेत का, हा प्रश्न तिथंही विचारतात, आणि उत्तर गावागणिक बदलतं. जिथं टेकडीवर आधीच चार अँटेना आहेत तिथं पाचवी म्हणजे गोंगाट. जिथं शंभर किलोमीटर काहीच नाही तिथं पहिली म्हणजे जीवनदान. मी पुण्या-मुंबईला नको आणि गोदाकाठाला हवा म्हणतो, ते याच हिशेबानं.

आपल्या देशात काय आहे? सत्तावीस मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड २००५ पासून पाच वॉटपर्यंत परवान्याविना मोकळा आहे. २०१८ पासून ४४६ मेगाहर्ट्झचा एक अरुंद पट्टाही मोकळा आहे, पण ताकद अर्धा वॉट, आणि रिपीटर लावायची सोय नाही. अर्ध्या वॉटमध्ये लग्नाचा मांडव सांभाळता येतो, नदीकाठ नाही. ऑस्ट्रेलियासारखी, अमेरिकेसारखी साध्या कुटुंबासाठी रिपीटरसह सेवा आपल्याकडे नाही. ती असावी, ही माझी सरकारकडे स्पष्ट मागणी आहे, आणि ती मी या व्यासपीठावरून करतो.

तोवर उरतो हौशी रेडिओ. बारा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊ शकतं. थोडं विद्युतशास्त्र, थोडे नियम. वरच्या श्रेणीला मोर्सची कट्ट-कडकट्ट, खालच्या श्रेणीला तीही नाही. पास झालात की तुमचं स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं, व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीनं सुरू होणारं. देशात ते दुसऱ्या कुणाचंच नसतं. राजीव गांधींचं होतं, अमिताभ बच्चन यांचं आहे, आष्टीच्या आठवीतल्या मुलीचंही असू शकतं. अमेरिकेत असे परवानाधारक सात लाखांच्या वर आहेत. आपल्याकडे देशभर मिळून काही हजारांत.

एक बंधन पक्कं लक्षात ठेवा. हौशी रेडिओवर धंद्याचं बोलायचं नाही. सोयाबीनचा भाव, मजुरांची टोळी, ट्रॅक्टरचं भाडं, हे तिथं चालत नाही. रिपीटर लावायला त्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. आणि परवान्याशिवाय संच मागवून वापरणं हा गुन्हा आहे. ऑनलाइन दुकानांत असे संच सर्रास विकले जायला लागले, तेव्हा २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्याविरुद्ध नियम काढावे लागले. तरुण मित्रांनो, दोन हजारांत संच मिळतो म्हणून आधी संच घेऊ नका. आधी परीक्षा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या मुद्द्याकडे येतो. समजा, रिपीटर झाला. पन्नास जण एका चॅनेलवर आले. एकानं रात्री बटण दाबून सांगितलं, धरण फुटलं. मग?

ही भीती पोकळ नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून फिरली होती. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याच भागात, बीड-जालन्याच्या गावांत, रात्री ड्रोन दिसतात म्हणून माणसं काठ्या घेऊन जागली. आवाज लांब पोचवणारं यंत्र खरं आणि खोटं दोन्ही सारख्याच ताकदीनं लांब पोचवतं. मग आणखी एक यंत्र कशाला?

माझं उत्तर असं. मोबाइलवर आलेल्या अफवेला बाप नसतो. पुढे पाठवली, पुढे पाठवली, पहिली कुणी पाठवली ते कळत नाही. हौशी रेडिओवर प्रत्येकाला बोलताना आपलं सांकेतिक नाव सांगावं लागतं. सांकेतिक नावामागे परवाना, परवान्यामागे माणूस. सांकेतिक भाषा वापरायची नाही, अश्लील बोलायचं नाही, खोटा संकटसंदेश द्यायचा नाही. बोलणं सगळ्यांच्या कानांवर एकाच वेळी पडतं, त्यामुळे चुकीचं बोललेलं तिथल्या तिथं दुरुस्त करता येतं. जाळं चालवणारा एक जण ठरलेला असतो, त्याला नेट कंट्रोल म्हणतात. तो विचारतो: तुम्ही स्वतः पाहिलंत का? कुठून बोलताय? पाणी कोणत्या खुणेला आहे? हे तीन प्रश्न विचारायची सवय गावाला लागली, तर रिपीटरचा अर्धा खर्च मला तिथंच वसूल झाल्यासारखा वाटेल. पण सवय संकटाच्या रात्री लागत नाही. ती रविवारच्या सकाळी लागते. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी सगळ्यांनी हजेरी द्यायची, दोन शब्द बोलायचे, बॅटरी किती आहे ते सांगायचं, आणि सेव्हंटी-थ्री म्हणून निरोप घ्यायचा. जगभरचे हॅम हेच करतात. कोरड्या दिवसांत जो बोलला नाही, तो पुरात काय बोलणार?

कुणी विचारेल, मग आज आहेत त्या सोयींचं काय? मोबाइलवर चालणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आहे. एका फोनवर सगळ्या गावाला आपल्या आवाजात निरोप जातो. चोरी, आग, हरवलेलं मूल, अशा वेळी तिचा मोठा आधार आहे. २०२३ मध्ये सरकारी इशाऱ्याची चाचणी तुमच्या फोनवर कर्कश वाजली होती, तीही चांगली योजना. दोन्ही चालू राहू द्या. रिपीटर त्यांच्या जागी आणायचा नाहीये. टॉवर बसला की त्या दोन्ही बसतात, आणि इशारा वाजला तरी तुम्हाला उलट विचारता येत नाही. उलट विचारता येणं, हीच दुतर्फी रेडिओची खरी ताकद आहे.

थोडं विषयांतर करतो, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या देशानं एक रिपीटर थेट आकाशात ठेवला होता. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं हॅमसॅट नावाचा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह वर नेला. तो फक्त हौशी रेडिओवाल्यांसाठी होता. त्यावरची एक यंत्रणा भारतीयांनी बनवली, दुसरी नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थ्यानं. जगातल्या कुणीही, फुकट, त्याच्यातून बोलावं. नऊ वर्षांच्या वर तो चालला, २०१४ च्या जुलैपर्यंत. आणि २२ जून २०१६ ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींनी स्वतः बनवलेला, किलोभरही न भरणारा ‘स्वयम्’ हा उपग्रह पीएसएलव्हीवरून गेला. हॅमवाल्यांचे छोटे संदेश इथून तिथं पोचवणं हे त्याचं ठरवलेलं काम. महाराष्ट्रातली मुलं आकाशात टपाल्या ठेवू शकतात, मग आष्टीच्या टाकीवर पेटी का नाही? अशा उपग्रहाची अडचण एवढीच, की तो डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. टाकी मात्र जागची हलत नाही.

आता आष्टीचं बोलतो.

पैसा कुठून येणार? ग्रामपंचायतीनं टाकीवर जागा आणि वीज द्यावी. बाकी वर्गणी. ज्या गावात सप्ताहाला भंडारा उठतो, त्या गावाला एका पेटीची वर्गणी जड नाही. पण पैसे गोळा करण्याआधी तीन गोष्टी कागदावर यायला हव्यात. पेटी कुणाच्या नावावर, म्हणजे कोणत्या नोंदणीकृत मंडळाच्या. दुरुस्तीला दरवर्षी किती बाजूला ठेवायचे. आणि किल्ली कोणाकडे. किल्ली एकाकडे नको, दोघांकडे हवी, आणि त्यातली एक बाई असावी. पुराच्या रात्री पुरुष नदीवर असतात, गावात बाया असतात. हे मी अनुभवानं सांगतो.

तहसीलदारांना, पोलीस ठाण्याला, पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. पोलिसांचं स्वतःचं बिनतारी जाळं आहे, पुण्यातून त्याचा राज्याचा कारभार चालतो. त्यात आपण लुडबुड करायची नाही. आपली पेटी वेगळी, आपला पट्टा वेगळा. पण आपला एक माणूस संच घेऊन तहसील कचेरीत बसलेला असला, तर काठावरचा निरोप त्याच मिनिटाला टेबलावर पोचतो. बीडकडच्या काठालाही सामील करून घ्या. नदीला जिल्हा नसतो. पाणी मधून जातं, आणि दोन्ही काठांना एकाच वेळी बुडवतं.

आणि घाई करू नका. एक रिपीटर नीट पाच वर्षं चालवून दाखवा. मग वर जांबकडे, खाली पाथरीकडे दुसऱ्या रिपीटरचा विचार करा. आपल्याला मनोऱ्यांची रांग नको आहे. पैठणपासून नांदेडपर्यंत प्रत्येक बंधाऱ्याच्या टापूत एक बोलती पेटी आणि तिच्याभोवती परवाना असलेली, एकमेकांचा आवाज ओळखणारी दहा-पंधरा माणसं असली, तर माझ्या दृष्टीनं पुरेसं झालं.

म्हणून माझी विनंती रिपीटरची नाही, परीक्षेची आहे. आष्टीतून आणि काठावरच्या गावांतून निदान बारा जणांनी या वर्षी हौशी रेडिओच्या परीक्षेला बसावं. त्यात सहा मुली असाव्यात, दोन शिक्षक असावेत, एखादा वायरमन असावा, एखादी आशाताई असावी. शिकवायला मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथं येईन. पुस्तकं मी आणीन, सरावाचा संच मी आणीन. दाराशी वही ठेवली आहे; जाताना नाव आणि गाव लिहून जा.